धारंचा ताप

हे आजवर कुणाला सांगितलं न्हाय. नवऱ्याला न्हाय, माहेरातबी न्हाय. तुम्हांला सांगतो — व्हय, 'सांगतो'च. आमच्या कोल्हापूरकडं बायकाबी असंच बोलतात.

राधानगरीकडच्या आमच्या गावात माझ्या म्हशींच्या दुधाला नाव हाय. डेअरीत फॅट बघणारा माझी किटली आली की मान डोलावतो. उगंच न्हाय ते. बाळंतपणाचं दिस सोडलं तर एक धार मी चुकवली न्हाय. मग दुसऱ्याचं दुखणं मला पटंल कसं?

धाकटी जाऊ सुनंदा. तिला ताप यायला लागला. रोज सांजंला, नेमका म्हशींच्या धारा काढायच्या वक्ताला. घसा धरायचा, सांधं ठणकायचं. सकाळी बघावं तर अंग थंडगार. मी डेअरीत म्हटलं, "आमच्या सुनंदाला धारंचा ताप आलाय." लई हसल्या बायका. गावभर तेच नाव पडलं, आणि मला बरं वाटलं — खोटं कशाला बोलू?

पण तेवढंच असतं तर आज सांगत बसलो नसतो.

दोन आठवड्यांनी मीच तिला गावातल्या डॉक्टरकडं नेलं. सकाळची वेळ. ती म्हणाली, सांजंला ताप चढला की अंगावर गुलाबी चट्टं उठत्यात, सकाळी जात्यात. डॉक्टरनं बघितलं, अंग कोरं. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही बघितलेत का?" मी म्हटलं, "न्हाय बा." सुनंदानं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरनं तापाच्या गोळ्या दिल्या.

आठ दिवसांनी तिला आडवं पडवंना. उशी पोटाशी धरून, पुढं वाकून बसायची — श्वासच पुरंना. कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदयाला सूज, भोवती पाणी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला. ह्या टायमाला मी सांगितलं — ताप ठरल्या वेळंला येतो, त्याच्यासंगं चट्टं येत्यात. "कधीपासून?" "कालपासनं," मी म्हटलं.

त्यावरनंच त्यांना वाट सापडली. मोठ्या माणसांत क्वचितच दिसणारा आजार, म्हणाल्या. अंगाची राखण करणारी ताकद आपल्याच अंगावर उलटती, कधी हृदयबी धरती. बाकी तपासण्या करून औषध बदललं, सूज उतरली. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यासारखी बघणारी बाई घरात पाहिजे." माझी छाती फुगली. आजबी फुगती, काय करू?

कालपासनं न्हवतं ते. तापाच्या पहिल्याच आठवड्यात एका सांजंला, चहा द्यायला गेलतो, तवा मीच तिची बाही वर करून, मोबाइलचा उजेड धरून चट्टं बघितलतं. "अक्का, बघितलंसा न्हवं?" ती म्हणालती. मी बाही खाली ओढली. 'धारंचा ताप' म्हणून गावभर हसवलेली मी — खरं कसं बोलणार होतो? तिच्या जिवापरीस मला माझा शब्द मोठा वाटला.

आता ती बरी हाय. जड उचलायचं न्हाय तिनं. सांजंच्या धारा मीच काढतो. डेअरीत ती सगळ्यांना सांगती, "अक्कानं वळखलं, म्हणून मी जित्ती हाय."

सांगताना माझ्याकडं मातुर कधी बघत न्हाय. मी मान ताठ ठिवून ऐकतो.