उद्घाटनाआधी फोडलेलं दार

१ जून. सकाळपासून मी पडवीच्या पत्र्यांचे हुक आवळून घेत होते. पावसाआधीचं हे काम निघालं की पोलिसातल्या नोकरीतलं एक प्रकरण हटकून डोळ्यांसमोर उभं राहतं. दक्षिण रायगडच्या किनाऱ्यावरचं गाव. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांचीही नाही.

चक्रीवादळानंतर रस्ता मोकळा झाला आणि आमची जीप गावात पोचली. माड आणि पोफळी एकाच दिशेला डोकं करून निजल्या होत्या. सावली गेल्यामुळे वाड्यांमध्ये नुसता उजेड साचला होता. जिथून समुद्र कधी दिसला नव्हता तिथून तो दिसत होता, शांत, चकाकता. एका विहिरीच्या कडेला होडी येऊन बसली होती. माणसं झोपेत चालल्यासारखी चालत होती.

मी गेले होते तपासाला. तालुक्याच्या एका अधिकाऱ्याने लेखी तक्रार दिली होती. गावाचं नवं निवारा केंद्र वादळात उघडून दिलं, वादळ शमल्यावर कुलूप लावलं आणि त्यानंतर कुणीतरी दार फोडून ताडपत्र्या चोरल्या, असं त्याचं म्हणणं. पाठोपाठ ठाण्यात निनावी फोन आला. "पहार मोहल्ल्यात सापडेल." घर कुठलं तेही सांगितलं.

पहार सापडली, दाराला टेकवून ठेवलेली. ताडपत्र्याही सापडल्या, शेजारपाजारच्या उडालेल्या छपरांवर, सरकारी शिक्का वर करून अंथरलेल्या. चोर माल असा अंथरत नाही.

घरातला मुलगा तिशीतला, आखातातून सुट्टीवर आलेला. गुन्हा नोंदला की पोलिसांचा दाखला अडणार आणि दाखला अडला की नोकरी गेली. हे मला ठाऊक होतं, त्यालाही. त्याची अम्मी ओढणीचं टोक पिळत उभी होती.

"दार कुणी फोडलं?"

"मी, मॅडम."

"कधी?"

"वारा सुटला तवाच. कुलूप व्हतं. लोकं भायेर भिजत व्हती."

शेजारच्या वाडीतली आजी मध्ये पडली. "तो कसला फोडतोय! मी फोडलं. लिवा माझं नाव."

"आजी, पहार उचलते का तुम्हाला?"

"तुझ्या टाळक्यात घालण्यापुरती उचलंल."

हवालदाराला हसू आवरेना. मग आणखी चौघं-पाचजणं पुढे झाली. प्रत्येकाने एकट्यानेच दार फोडलं होतं. लहान गावात असं होतं. आपल्या माणसाला वाचवायला सगळे गुन्हा अंगावर घेतात आणि मग कुणाचाच जबाब टिकत नाही. वाऱ्यातच दार फोडलं, हे त्याचं म्हणणंही आता गावाने रचलेलं वाटलं असतं. त्यांच्या मायेनेच त्याची बाजू पातळ होत होती.

मी बोलणं थांबवलं आणि दार बघायला गेले.

वादळ पानं फाडतं आणि त्यांचा चोथा समुद्राकडच्या भिंतींवर थापतं. केंद्राची बाहेरची भिंत हिरवी झाली होती, त्यात नवल नव्हतं. पण चौकटीचं लाकूड जिथे चिरलं होतं, त्या चिरेच्या आतही चोथा घट्ट बसला होता. वाऱ्याशिवाय तो तिथे कुणी भरणार नव्हतं. म्हणजे वारा चालू असतानाच चौकट फुटली होती, केंद्र कुणी उघडून दिलंच नव्हतं. पंच बोलावले, फोटो काढले, पंचनामा केला. तोवर तक्रारदार अधिकारी आला.

"वादळाच्या दिवशी चावी कुठे होती?" मी विचारलं.

त्याने चिरेकडे बघितलं, मग समुद्राकडे. "कचेरीत. उद्घाटन व्हायचं होतं ना, मॅडम. साहेबांची तारीख मिळत नव्हती. चावी ताटात ठेवून सरपंचांना द्यायची, असं ठरलेलं."

"इशारा आल्यावरही?"

"वरून आदेश नव्हता."

वादळाच्या दिवशी ते कुलूप बघून गावातला एक म्हातारा घरी परत फिरला होता. घराची भिंत अंगावर पडून तो गेला. दार फोडेपर्यंत तो थांबला असता तर वाचला असता.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. "दार कधी फुटलं, ते पंचनाम्यात हवंच का?"

"हवंच, सर. बाकी सगळं त्यावरच उभं आहे."

तो मुलगा माझ्या कागदांत आरोपी म्हणून गेला नाही, साक्षीदार म्हणून गेला. त्याचा दाखला अडला नाही. तपासाचा अहवाल वर गेल्यावर पुढे काय झालं, ते मला कुणी कळवलं नाही. मात्र एक गोष्ट मी तिथे शिकले आणि पुढे प्रत्येक आपत्तीत वापरली. वादळाला जबाबदार धरता येत नाही, म्हणून माणसं आपली चूकही त्याच्याच नावावर टाकतात. तपास करणाऱ्याने वाऱ्याचं किती आणि माणसाचं किती, हे वेगळं काढायचं असतं. आणि ते लगेच करायचं, कारण लोक आवराआवर करतात, भिंती धुतात.

पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालुक्याच्या कचेरीत गेले होते. त्या अधिकाऱ्याने चहा मागवला. मी कप बाजूला सरकवला, हवालदाराला लिहायला बसवलं आणि म्हणाले, "म्हाताऱ्याच्या अकस्मात मृत्यूचा तपास माझ्याकडे आहे. पूर्ण नाव, वय आणि हुद्दा सांगा."