वारा पडेपर्यंत

भर दुपारी चहाची तलफ आली आणि मी अंगणातली चूल पेटवली. बाहेर पछिया वाहत होता, म्हणजे आमचा पश्चिमेचा कोरडा वारा. त्याने एक ठिणगी उचलून शेजारच्या बिलट मंडलच्या भुशाच्या राशीवर नेऊन ठेवली. गाव धावून आलं म्हणून त्याच्या गोठ्याचं अर्धं छप्पर तरी वाचलं. बिलटने माझ्या चुलीत लोटाभर पाणी ओतलं, मग उरलेला चहाही ओतला आणि निघून गेला.

कोसी नदीकाठच्या आमच्या गावात भिंती बोरूच्या, छपरं गवताची आणि घरं एकमेकांना चिकटलेली. पछिया सुरू झाला की सकाळीच भात रांधायचा, चूल विझवायची आणि दिवसभर तोच गार भात खायचा, असा गावाचा नियम आहे. नियम सगळ्यांचा, पण तो पाळला जातोय की नाही हे पाहायचं काम बिलटने आपणहून अंगावर घेतलेलं. सकाळ चढली की हा लोटा घेऊन दारोदार फिरतो आणि प्रत्येक चुलीतल्या राखेत हात घालून बघतो. माझ्या त्या चहापासून त्याची फेरी माझ्या घरापासून सुरू होऊ लागली.

"माझा नवरा कधी चुलीपाशी फिरकला नाही, आणि तू मेला रोज येतोस," एखादी म्हणायची.

"त्याला हाक मार वहिनी, उद्यापासून तो येईल," बिलट राखेतून हात न काढता म्हणायचा.

वैशाखात त्याच्या मुलीचं, फूलोचं लग्न निघालं. वऱ्हाड नदीपलीकडचं. संध्याकाळी वादळं उठतात म्हणून नावाडी दिवस असतानाच लोकांना उतरवून मोकळा झाला. वऱ्हाड उपाशी, ऊन मी म्हणतंय, आणि पछिया मांडवाची कनात ओढून बघतोय. आचाऱ्याने भट्टी खणून लाकडं रचून ठेवली होती. भट्टीच्या काठावर लोटा घेऊन वधूपिता बसला होता.

"पेटवू द्या हो त्याला," त्याची बायको रमपरी म्हणाली. "लोक तोंडावर थुंकतील."

"वारा पडू दे."

"वारा पडेपर्यंत वऱ्हाडाने काय तुमचं तोंड बघायचं?"

वऱ्हाडाला दही, पोहे आणि गूळ वाढला. नवरदेवाचा मामा भोगेंद्र, खाण्यासाठीच लग्नांना जाणारा माणूस, पानाकडे बघत राहिला. "व्याहीबुवा, गरम पुरी कुठाय?"

"वारा पडला की."

"आणि नाही पडला तर?"

"तर दही पुष्कळ आहे."

मामा उठला. मामा उठला म्हणून नवरदेव उठला, आणि नवरदेव उठला म्हणून बँडवाले. मी दूध-केंद्रावरचा माणूस, दही माझ्याच केंद्रावरचं. तेव्हा मीही समजूत घालायला गेलो. "तुम्ही गप्प बसा, दूधबाबू," मामा म्हणाला, "तुमचंच तर दही ताटात वाढलंय." रमपरी फूलोला आत घेऊन बसली आणि तिने दार लावून घेतलं.

वऱ्हाड घाटाच्या वाटेला लागलं. पण पश्चिमेचं आभाळ आधी पिवळं, मग काळं झालं होतं आणि नावाडी नाव वर ओढून केव्हाच घरी गेला होता. धुळीची भिंत अंगावर आली तशी ही मंडळी आंब्याखाली शिरली. बिलट पळत गेला. "झाडाखाली वीज पडते. रुसायचं तर घरात बसून रुसा," म्हणत त्याने मामाला दंडाला धरून ओढत आणलं. मांडव उडाला. बांधावरच्या ताडावर वीज कोसळली आणि शेंडा जळत राहिला, पाऊस येईपर्यंत.

पावसात सगळे बिलटच्या गोठ्यात, गुरांना चिकटून उभे. परत जायला नाव नव्हती. भोगेंद्रमामाने बऱ्याच वेळाने विचारलं, "दही उरलंय का?" ते ऐकून रमपरीने फूलोच्या खोलीचं दार आतून उघडलं.

पाऊस थांबला तेव्हा वारा अगदी पडला होता. फक्त भट्टी काठोकाठ भरली होती आणि लाकडं पोहत होती. आचारी शिव्या देत पातेल्याने पाणी उपसत होता, बिलट त्याच लोट्याने. मीही वाकलो.

"बिलट," मी हळूच म्हणालो, "नाव असती आणि वऱ्हाड खरंच निघून गेलं असतं तर?"

"तर पोर घरी राहिली असती, घर तर शाबूत होतं."