पोलिक्सेनी एकटी राहते का?

…तर इवान्थिया तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारत होती आणि म्हातारी तिसऱ्यांदा तेच उत्तर देत होती, इथवर आपण काल आलो होतो.

इवान्थिया म्हणजे आमच्या डोंगरातल्या गावच्या नागरिक कार्यालयात एकोणतीस वर्षं एकाच खिडकीमागे बसलेली बाई. आधी तिच्याकडे शिक्के होते, आता संगणक आहे. तो एकेक प्रश्न विचारतो आणि उत्तरांवरून ज्याला सरकारकडून जे मिळायचं ते सांगतो. मोठा हुशार! फक्त ते प्रश्न इवान्थियाला घसा कोरडा पडेपर्यंत वाचावे लागतात. दुपार झाली की ती टेबलाखाली चपला काढून ठेवते.

म्हातारी पोलिक्सेनीचं खुब्याचं हाड मोडलेलं. बर्फ पडायच्या आत घरकामाला बाई मिळाली नाही, तर लाकडं कोण आणणार?

“कीरा पोलिक्सेनी, घरात एकट्याच राहता ना?” इवान्थियानं अदबीनं विचारलं.

“जीभ झडो तुझी! माझा आर्गीरिस आहे की.”

“तो जर्मनीत आहे.”

“मग? आहे ना?”

आमच्याकडे मुलगा जिवंत असताना आई स्वतःला एकटी म्हणवत नाही. तो अपशकुन. संगणकाला हे कुठलं ठाऊक? मुलगा घरात आहे असं धरून त्यानं छापलं: मदत मिळणार नाही.

इवान्थियानं डोळे चोळले. “आज शेगडी कोणी पेटवली?”

“मी.”

“काल रात्री कडी कोणी लावली?”

“मीच की. तू काय पोलीस आहेस?”

इवान्थियानं ‘एकटी’वर खूण केली. नवा कागद निघाला: आठवड्यातून तीन दिवस बाई येईल. खाली सही हवी. म्हातारीनं वाचलं आणि पेन ठेवून दिलं. “हे खोटं आहे.”

मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होतो. न राहवून म्हटलं, “अगं कर सही! आर्गीरिस काय तिकडून लाकडं फोडणार आहे?”

“तू गप रे, व्हांगेलिस!”

इवान्थियानं कागद ओढला आणि समासात पेनानं लिहिलं: ‘मुलगा आर्गीरिस, हयात.’ म्हातारीनं ती ओळ दोनदा वाचली. मग सही केली.

ती काठी टेकत गेल्यावर मी विचारलं, “वरचे लोक ती ओळ मानतील?”

इवान्थिया पायानं चपला चाचपत म्हणाली, “वर फक्त यंत्रातलं जातं, बार्बा व्हांगेलिस. ती ओळ तिच्यासाठी होती. आता तुमचं काही काम नसेल तर उठा, खुर्ची मोकळी करा. बाहेर अजून अकरा जण उभे आहेत.”