बुधवारचा दात

देवांच्या नावावर खोटं बोलू नये, एवढीही अक्कल मला पंचेचाळिसाव्या वर्षी नव्हती. नातवंडांना हे सांगते तेव्हा ती खिदळतात. खिदळू देत. तेव्हाची मी होतेच तसली.

जिंतूरच्या एका कचेरीत मी कारकून होते. एका वर्षी साहेबांनी फर्मान काढलं: दुपारच्या चहाआधी सगळ्या बायकांनी मागच्या हॉलमध्ये व्यायाम करायचा. शिकवायला एक चुणचुणीत पोरगी यायची. दिवसभर खुर्चीत, मग चुलीपुढं, अशानं बायकांचं हृदय थकतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही, असं ती सांगायची. पहिल्याच दिवशी जागच्या जागी चालताना माझ्या छातीत असं दाटून आलं की भिंत धरली. कुणी पाहिलं नाही, पण मी पार टरकले. माझी आई अशीच छाती धरून खाली बसली होती, ती परत उठलीच नाही. न तपासलेला आजार आजारच नसतो, एवढं वैद्यकशास्त्र मला तेव्हा येत होतं. त्यामुळे दवाखान्याचं नाव नको आणि त्या पोरीची नजरही नको.

दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, "आज उपास हाय, मला जमायचं न्हाई." सोमवारी महादेव, मंगळवारी देवी, गुरुवारी दत्त, शुक्रवारी लक्ष्मी, शनिवारी मारुती. बुधवारसाठी देव सापडेना, म्हणून त्या दिवशी दात दुखायचा.

यात घात केला शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं. तिच्या घरी बुद्धवंदना, उपासतापासाशी कुणाचं देणंघेणं नाही. पण मी उपाशी राहते म्हणून ती साबुदाण्याची खिचडी शिकली. डब्यात वरून तुपाची धार, शेंगदाण्याचं कूट तर मूठ मूठ. बाकीच्या बायका हॉलमध्ये हात हलवायच्या आणि मी खुर्चीत बसून खिचडी हाणायची. घरचा डबा वेगळा होताच, तो संध्याकाळी बसस्टँडवर संपवायची. अशानं उपासात वजन वाढलेली अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन.

मग एका मंगळवारी वरच्या मजल्यावर फाईल न्यायची होती. अर्ध्या जिन्यात श्वास अडकला, मी पायरीवरच बसले. मैत्रीण मागून येत होती.

"काय गं, काय झालं?"

"उपासानं चक्कर आली."

"आत्ताच डबाभर खिचडी खाल्लीस की! चक्कर यायला जागा कुठं राहिली?"

मला रडूच फुटलं. आईचं, छातीचं, खोट्या देवांचं, सगळं तिथंच ओकून टाकलं. तिनं साहेबांकडं जाऊन दोघींची सुट्टी मागितली, मला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं.

छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं, मशीनवर हृदय पाहिलं. मी डोळे मिटून आईला आठवत पडले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय चांगलं आहे. बीपी वाढलंय आणि रक्त फार कमी आहे, म्हणून दम लागतो. गोळ्या देते. पंधरा दिवसांनी दाखवा, आणि व्यायाम चालू ठेवा, पण सावकाश."

मी त्यांना तीनदा विचारलं, "खरंच चांगलं हाय ना?" तिसऱ्यांदा त्या हसल्या.

बाहेर आल्यावर छातीवरचा धोंडा उतरला होता. रस्त्यावरचे भोंगेसुद्धा गोड वाटत होते. टपरीवर चहा घेतला, दोन घोट पोटात गेल्यावर मला हसू आवरेना. मैत्रिणीनं मात्र ग्लास खाली ठेवला, माझ्याकडं रोखून पाहिलं आणि म्हणाली:

"उद्या बुधवार हाय. दात दुखला तर मी सोता उपटीन, पण तुला रांगंत उभी करीन. माझ्याच शेजारी उभी ऱ्हा. दम लागला की सांग, मी बी थांबते. मला बी लागतो की, येडे."