यंत्राचे शब्द, माझ्या फुल्या

साताऱ्यातल्या आमच्या ग्रंथालयात पुस्तकाचा विषय ठरवायचं काम सव्वीस वर्षं माझ्याकडे होतं. ऐकणाऱ्याला हे काम वाटतच नाही. पुस्तक आलं की चाळायचं, प्रस्तावना वाचायची, मधली चार पानं वाचायची आणि हे नक्की कशाबद्दल आहे ते दोन-तीन शब्दांत तालिकेच्या कार्डावर लिहायचं. वाचक पुढे कधीतरी त्याच शब्दांच्या आधारानं येतो. शब्द चुकला, तर पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखं. सव्वीस वर्षांत माझा शब्द चुकला असं कुणी म्हणालं नव्हतं आणि मला त्याचा अभिमान होता. कुणी तपासलंच नव्हतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी कार्यवाहांनी मला बोलावलं. लष्करातून निवृत्त होऊन ते ग्रंथालयाचा कारभार बघायला लागले होते. बोलणं मोजकं, हुकूम दिल्यासारखं.

"बाई, सोमवारपासून मशीन विषय सुचवणार. तुम्ही फक्त बरोबर की चूक तेवढं सांगायचं."

"मशीनला कसं कळणार पुस्तक कशाबद्दल आहे?"

"वाचतंय ते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही वाचता का सगळं?"

मी माझ्या टेबलाशी परत आले.

सोमवारी मशीन लावून द्यायला सांगलीहून एक बाई आली. पस्तिशीची असेल; पाठीवर सॅक, बोलायला मोकळी. आधी जुनी, जीर्ण झालेली बाडं स्कॅन करायची, मग मशीन ती वाचणार आणि पडद्यावर पाच शब्द दाखवणार. प्रत्येक शब्दापुढे एक हिरवी खूण आणि एक फुली. शब्द पटला तर खूण, नाही पटला तर फुली. पाचही शब्दांवर फुली मारली, तर जुन्या कार्डावरचा विषय तसाच राहणार. तिनं हे मला तीनदा समजावून सांगितलं. मला पहिल्याच वेळी समजलं होतं. फक्त तोंडावर दाखवलं नाही.

मी एक वही घातली. मशीनच्या चुका लिहायच्या आणि वही भरली की कार्यवाहांच्या टेबलावर ठेवायची, असा बेत होता. पहिल्या आठवड्यातच चांगली चूक सापडली. मिरजेच्या सतारी कशा घडवतात यावरची एक जुनी पुस्तिका होती. सतारीचा तुंबा भोपळ्याचा, म्हणून भोपळ्याची लागवड, वाळवण, कापणी यावर त्यात दहा-बारा पानं होती. मशीननं विषय दिला : भाजीपाला लागवड. मी दिवसभर येईल त्याला तो शब्द वाचून दाखवला. वर्तमानपत्र वाचायला येणारे पेन्शनरसुद्धा हसले.

सांगलीची बाई मात्र माझ्या खांद्यावरून वहीत डोकावली. "बाई, तुम्ही पहिलाच शब्द लिहिलाय. दुसरा काय दिलाय बघा की."

दुसरा शब्द होता वाद्यनिर्मिती.

मी तो वहीत लिहिला नाही. ती जागेवर बसली की मी वही मिटून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि कुलूप लावलं. ही बाई आपल्यावर लक्ष ठेवायला पाठवलीय, असं मला त्या दिवसापासून वाटायला लागलं. मी चहाला गेले की ती माझ्या टेबलाशी उभी असायची. कार्यवाहांशी हळू आवाजात बोलायची, मी आत गेले की दोघं थांबायची. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ती सांगलीची बस चुकायला नको म्हणून विचारत असेल." पण माझा काही विश्वास बसला नाही.

मग पावसाळ्याच्या सुमारास एक गोष्ट घडली. फौजेत गेलेल्या एका माणसानं घरी लिहिलेल्या पत्रांचं बाड मशीनला दिलं होतं. पडद्यावर पाच शब्द आले आणि तिसरा मी दोनदा वाचला. परगावची माणसं.

हा विषय कुठल्याही छापील यादीत नाही. नोकरीला लागले त्या वर्षी मीच तो बनवला होता. गिरणीत गेलेले, पलटणीत गेलेले, ट्रकवर गेलेले, अशा लोकांची पत्रं आणि आठवणी यायच्या. त्यांना 'स्थलांतर' हा शब्द मला कोरडा वाटायचा, म्हणून मी कार्डावर 'परगावची माणसं' लिहायला लागले. माझ्याशिवाय जगात कुणी हा शब्द असा वापरत नव्हतं. मग मशीनला तो कुणी सांगितला?

मी तशीच उठून कार्यवाहांकडे गेले. "माझी कार्डं कुणाला दिलीत?"

ते थोडे चपापले. "सांगलीला पाठवली होती. टाईप करून घेतली. परत आलीत की सगळी."

"कधी?"

"तुम्ही रजेवर होता तेव्हा."

मी नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला तीन आठवडे दवाखान्यात होते. तेवढ्यात माझी सव्वीस वर्षं पोत्यात भरून सांगलीला गेली, टाईप झाली आणि परत येऊन कपाटात बसली. मला पत्ता नाही. बाहेर आले तर सांगलीची बाई दारातच उभी. तिनं ऐकलं होतं.

"आवं बाई, त्याला शिकवायला काहीतरी लागतंच. तुमच्या कार्डांइतकं नेटकं जिल्ह्यात कुठं मिळालं नसतं."

तिनं हे कौतुक म्हणून सांगितलं होतं. मला ते चोरी पकडली गेल्यावर चोरानं मालाची तारीफ करावी तसं वाटलं. त्या दिवसानंतर मी पुस्तकाकडे बघणं सोडून शब्दांकडे संशयानं बघायला लागले. पाचांतला एक जरी शब्द वेडगळ दिसला, तरी पाचही शब्दांवर फुली. मशीन कधी दमत नव्हतं, म्हणून मीही दमत नव्हते.

दिवाळीनंतर एक बाई आली. चाळिशीच्या आतली, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. माण तालुक्यातनं दोन एसट्या बदलून आली होती.

"माज्या आईचं पुस्तक हाय का हितं?" तिनं विचारलं.

आईचं नाव लेखक म्हणून कुठं नव्हतं. हळूहळू उलगडा झाला. तिचे आईवडील मेंढरं राखणारे. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरं घेऊन घाट उतरायचे आणि वळवाच्या आधी परत फिरायचे. ही लहान असताना शाळेतल्या एका गुरुजींनी आईला समोर बसवून तिची सगळी हकीकत लिहून घेतली, टाईप केली आणि साताऱ्याच्या ग्रंथालयात दिली. गुरुजी वारले. त्यांचं नाव हिला आठवत नव्हतं. सगळे गुरुजीच म्हणायचे. आता आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणली होती, पण ती बोलत नव्हती.

"तिला समदं कळतंय," ती म्हणाली. "डोळं बोलत्यात. तिचंच तिला वाचून दावावं म्हणतेय. कवा काय व्हईल सांगता येत न्हाई."

मी कॉम्प्युटरवर मेंढपाळ टाकलं. ओव्या टाकलं. माण तालुका टाकलं. काही पुस्तकं आली, पण सगळी छापलेली. ती बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. खरं सांगायचं तर मला वाईट वाटण्याआधी बरं वाटलं. मशीननं एका म्हाताऱ्या बाईची हकीकत हरवली होती. आता वहीची गरज नव्हती. साक्षीदार समोर बसला होता.

मी कार्यवाहांना बोलावलं आणि काम लावून देऊन परत गेलेल्या सांगलीच्या बाईला त्यांच्यादेखत फोन लावला. "तुमच्या मशीननं काय करून ठेवलंय बघा," मी म्हणाले. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आली. माणची बाई गावात नात्यातल्या कुणाकडे मुक्कामाला राहिली होती, तीही दार उघडायच्या आधीच येऊन थांबली होती.

सांगलीची बाई कुणाशी वाद न घालता बसली. "फुली मारलेले शब्द पुसले जात नाहीत," ती म्हणाली. "बाजूला साठून राहतात. त्यात शोधते." तिनं मेंढपाळ आणि बाळंतपण असे दोन शब्द टाकले. बाळंतपण का, असं मी विचारलं. "आईची हकीकत आहे ना," एवढंच म्हणाली.

एकच बाड आलं. नाव : एका बाईची हकीकत. मशीननं सुचवलेले पाच शब्द होते : वाडे व वास्तुकला, मेंढपाळ, स्थलांतर, बाळंतपण, घाटवाटा. पाचहीपुढे फुली. खाली माझं नाव, तारीख, वेळ. पाचही फुल्या एकाच मिनिटातल्या.

मेंढपाळ लोक आपल्या मुक्कामाला वाडा म्हणतात, मेंढरांसकट, माणसांसकट. मशीनला तो इमारतीचा वाडा वाटला. तो एक शब्द बघून मी खालचे चार वाचलेसुद्धा नव्हते.

तरी माझा पहिला विचार असा आला, की हिनं रात्रीतून नोंद बदलली असेल. कॉम्प्युटरवरची तारीख काय, कुणीही घालेल. मी कुणाशी न बोलता आत गेले आणि जुन्या कार्डांचा खण ओढला. कार्ड सापडलं. निळी शाई, माझं अक्षर, 'बा'चा काना जरा लांब ओढायची माझी सवय. एका बाईची हकीकत. विषय : गृहजीवन.

खणाशी उभी राहूनच मी ते बाड उघडलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी बहुतेक नाव वाचलं असेल, पहिल्या पानावरचा भाकरीचा उल्लेख वाचला असेल आणि कार्ड भरलं असेल. आता सातव्या पानावर थांबले. घाट उतरताना पोटात कळा सुरू झाल्या. करवंदीच्या जाळीआड ती बाळंत झाली. दगडानं नाळ तोडली. पोर कापडात गुंडाळून घोडीवरच्या बिऱ्हाडात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कोकरं हाकत चालायला लागली. वर्षातले सहा-सात महिने जिला घरच नव्हतं, तिला मी गृहजीवनात टाकलं होतं.

बाहेर येऊन मी सांगलीच्या बाईला विचारलं, "मग माझा शब्द का नाही सुचवला त्यानं? परगावची माणसं? फौजेतल्या माणसाला दिला की."

तिला उत्तर माहीत होतं, पण द्यायला ती कचरत होती. कार्यवाह खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"तुम्ही तो बायकांच्या कागदाला कधी लावलाच नाही, बाई. ते तुमच्याकडनंच शिकलंय."

मी पुन्हा आत जाऊन त्या विषयाची सगळी कार्डं काढली. शिपाई, गिरणी कामगार, ड्रायव्हर, हॉटेलातले आचारी. बाई एकही नव्हती. कुणी शिकवलं होतं मला हे? कुणीच नाही. म्हणूनच तर कधी संशय आला नाही.

माणची बाई उठून जवळ आली. बाड तिच्या हातात दिलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून ओळी वाचत होती. मग तिनं मुखपृष्ठावरचा विषयाचा शिक्का दाखवला.

"हे गृहजीवन म्हंजी काय वो?"

कार्यवाह काहीतरी सांगायला पुढे झाले. मी त्यांना थांबवलं. "माझी चूक आहे ती," मी म्हणाले. "मी न वाचता लिहिलं. तुमच्या आईचं लिखाण सापडत नव्हतं ते माझ्यामुळं."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागावेल असं वाटलं होतं. "गावलं न्हवं आता," ती म्हणाली आणि पुन्हा वाचायला लागली.

मी सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. सांगलीच्या बाईनं त्या क्रमानं लावून दिल्या. नव्या नोंदीत पहिला शब्द काढून टाकला, मशीनचे उरलेले चार ठेवले आणि माझा 'परगावची माणसं' पाचवा घातला. त्यानंतरचे दोन महिने मी आधी मारलेल्या सगळ्या फुल्या एकेक करून पुन्हा तपासल्या. काही बरोबर होत्या. बऱ्याच नव्हत्या. मशीनवर माझा विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. ते अजूनही चुकतं, आणि चुकतं तेव्हा माझ्यासारखंच ठाम असतं. पण आता त्याचा शब्द नाकारताना मी बाड उघडते, आणि स्वीकारतानाही.

संक्रांतीच्या आसपास माणच्या बाईचा फोन आला. रोज थोडं थोडं वाचून दाखवत होते, म्हणाली. आई डोळे मिटून ऐकायची. घाटातल्या बाळंतपणाचं पान आलं. गुरुजींनी त्यात लिहिलं होतं, की तिच्यासाठी सगळा वाडा दिवसभर थांबला. तिथं आईनं डोळे उघडले, बरा असलेला हात उचलला आणि आडवा हलवला. दोनदा.

"म्या इचारलं, थांबलं न्हवतं का कुणी?" फोनवर तिचा आवाज बारीक झाला. "तर तोंडातनं शब्द आला बगा. झटका आल्यापास्नं पैला. न्हाई, म्हनली. कुणीच न्हाई."

मी एका हातानं बाडाचं सातवं पान उघडलं.

"ते दुरुस्त करता येतंय का वो बाई तुमच्याकडं?"

छापलेलं, टाईप केलेलं आम्ही बदलत नाही, हा नियम. मी एक कोरी चिठ्ठी घेतली, तिनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहिलं, खाली तारीख घातली आणि सातव्या पानाला डिंकानं चिकटवली. मग ते पान स्कॅनरवर ठेवलं आणि मशीननं पुन्हा वाचावं म्हणून बटण दाबलं.