आत्याचा वरचा सूर

माझ्या धाकट्या बहिणीची हळद आमच्या गावी, मुरब्याला होती. हळदीची गाणी आत्याच सुरू करते, त्यामुळे आठवडाभर आधीपासून घरात एकच विषय होता, तिचा गळा.

आमच्या हळदीत पेटी नसते. आत्या ज्या सुरात पहिली ओळ म्हणेल तो सूर; मागच्या बायका ती ओळ तिथूनच उचलतात. प्रत्येक कडव्यात एका नातेवाइकाचं नाव येतं आणि त्या नावावर सूर एकदम वर जातो. आत्याचा तो सूर मी मांडवापासून लांब, बंदरावर उभा राहून ऐकलेला आहे. होळीपासून तो फाटू लागला होता.

त्याच दिवसांत मी सालवडला माझ्या भाड्याच्या खोलीवर एका परदेशी ऑपेरा गायिकेची ध्वनिमुद्रणं ऐकत होतो. तिचे सर्वांत वरचे सूर मोठे होत नाहीत. बारीक होतात, आणि तरीही सगळ्या वाद्यांच्या वर राहतात, माइक नसतो. तोच तुकडा मी पुन्हा पुन्हा लावायचो. ती वरच्या सुराला पोचणार हे माहीत असूनही, पोचेपर्यंत मला एका जागी बसवत नसे. वय झाल्यावर अशा गायिका कधी कधी आख्खं गाणं खालच्या सुरात उतरवून घेतात, असं वाचलं होतं. हळदीच्या सकाळी मी आत्याच्या कानात इअरफोन घातले आणि हेही सांगितलं.

“ही ओरडत नाय रे,” ती म्हणाली. “वर जाऊन बसते.” मग म्हणाली, “पण खालून सुरू केलं तर बाया हसतील. आजारी हाय काय, विचारतील.”

“विचारू दे, वन्सं,” काकू म्हणाली. “गळा हाय, कारखान्याचा भोंगा नाय.”

आत्याने खालून सुरुवात केली. ओळ स्वच्छ आली. मागच्या बायकांनी ती उचलली ती जुन्या सुरात, नेहमीच्या उंचीवर. इतक्या वर्षांची सवय. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आत्याने माझ्याकडे पाहिलं. हळदीचं गाणं मध्ये थांबवत नाहीत. ती वर गेली.

वडिलांच्या नावावर सूर लागला. आईच्या नावावर जेमतेम लागला. मी मांडवाबाहेर गेलो, परत आत आलो. अजून सात नावं होती. त्यातलं पहिलंच माझं होतं. आत्याचं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

काकूने तो सूर घेतला. जोरात, थोडा बेसूर. गाणं तुटलं नाही. आत्या मागे सरकून बायकांच्या रांगेत बसली आणि उरलेली सहा नावं तिथून उचलत राहिली. तिची नजर काकूच्या तोंडावरून हलली नाही.

गाणं संपल्यावर तिने पाणी मागितलं.

“घाई करतेस,” ती काकूला म्हणाली. “नावाच्या आधी श्वास घे.”

“म्हणजे उद्या लग्नात पण मीच?” काकूने विचारलं.

आत्याने ग्लास संपवला. “आधी श्वास घे,” ती म्हणाली.