यजमानानं बसायचं नसतं

ल्युबिंका त्रायकोविचला राग यायला कधीच फार वेळ लागत नसे, पण अलीकडे तो एकदा आला की जायचं नाव घेत नसे. सकाळी कॉलेजच्या जिन्यावर पाय ठेवला की तो सुरू व्हायचा. सगळ्यांत वरच्या मजल्यावर विणकामाच्या मागांच्या हॉलचं दार उघडेपर्यंत चांगला तापलेला असायचा, आणि त्या हॉलमध्ये तापलेलं तेवढंच काय ते असायचं. तिथले रेडिएटर गंजून गळायला लागले तेव्हा कुणीतरी त्या मजल्याचा नळच बंद करून टाकला होता. तळमजल्यावर संचालकांच्या खोलीत माणसं नुसते बिनबाह्यांचे स्वेटर घालून बसत, आणि वर मुली हातमोज्यांची बोटं कापून मागावर सूत ओवत.

ल्युबिंका विणकाम शिकवायची. लहानपणी गावातल्या गिरणीत ती स्वतः मागावर उभी राहिलेली, नंतर शिकून याच कॉलेजात मास्तरीण झालेली. नवरा कधीच सोडून गेलेला, मूलबाळ नाही. त्याबद्दल कुणी हळहळलं तर ती म्हणायची, माझ्याकडे दरवर्षी वर्गभर पोरी येतात, तुम्हीच सांभाळा तुमचे दोन. जीभ तिखट, पण पोरींसाठी जीव टाकायची. डोंगरातल्या गावांहून पहाटेच्या बसनं येणाऱ्या मुलींसाठी ती घरून दुपारचं जास्तीचं खाणं आणायची आणि "उरलंय, फेकायचं का?" असं दरडावून वाढायची.

रेडिएटरचं घोंगडं असं वर्षानुवर्षं भिजत पडलं होतं. मग मंत्रालयानं कळवलं की हॉल नियमात बसत नाही. एक तर दुरुस्त करा, नाहीतर विणकाम विभाग मोठ्या शहरात हलवला जाईल. म्हणजे डोंगरातल्या मुलींनी शहरात खोली घेऊन राहायचं. त्यांचे बाप काय म्हणणार हे ल्युबिंकाला न विचारता ठाऊक होतं. मुली घरी परत बोलावल्या जाणार, गाईगुरांकडे बघायला आणि लग्नाची वाट बघायला.

तेव्हा कॉलेज उठलं. यात पुढे होती तेओदोरा, ल्युबिंकाच्याच वर्गातली, उंच आणि हाडकुळी, बोलायला लागली की समोरच्याला दम खाऊ न देणारी मुलगी. पण नुसते विद्यार्थीच नव्हते. रसायनशास्त्राचे मास्तर आले, झाडूवाल्या बायका आल्या, कॉलेजची डागडुजी बघणारा चेदा तर पहिल्या दिवसापासून होता. सह्या झाल्या, अंगणात उभं राहून झालं. कुणी ढुंकून बघेना. मग मुलींनी सगळ्या थंड रेडिएटरना लोकरीचे स्वेटर विणून घातले, बाह्यांसकट, आणि एकाला गळपट्टासुद्धा. त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला. गावभर हसं झालं, आणि संचालक ब्लागोयेचं तोंड आंबट झालं.

ब्लागोये गोड बोलणारा माणूस. त्यानं आरडाओरडा केला नाही. एके दिवशी तो आपल्या पायांनी जिने चढून वर आला, दम टाकत मागाजवळ उभा राहिला, आणि म्हणाला की संत सावाच्या स्लावाचे यंदाचे यजमान आजारी पडलेत, तर त्यांच्या जागी ल्युबिंकानं यजमानपद घ्यावं.

आमच्याकडे शाळा-कॉलेजांचा स्लावा, म्हणजे राखणदार संताचा सण, जानेवारीत, संत सावाच्या दिवशी. घरच्या स्लावासारखाच. मेणबत्ती लागते, उकडलेल्या गव्हाचा गोड प्रसाद असतो, पाद्री येऊन कोलाच, म्हणजे सणाची भाकरी, यजमानाबरोबर कापतो. त्यातला मानाचा तुकडा जो घेतो तो पुढच्या वर्षीचा यजमान. त्या कॉलेजात बाईमाणसाला यजमान करायची पद्धत नव्हती. ल्युबिंकाहून धाकट्या पुरुषांना मान मिळून गेला होता, आणि ती दरवर्षी स्वयंपाकघरात प्रसादासाठी अक्रोड कुटत बसलेली. तिला मनातून ते फार लागलेलं होतं. तिनं हो म्हणायला एक क्षणही लावला नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना ती स्वतःशीच गुणगुणत होती, हे चेदानं पाहिलं आणि त्याला काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी कळलं की स्लावाला मंत्रालयातून स्रेतेन गावरिच येणार आहे. विभाग ठेवायचा की हलवायचा, हे ज्याच्या हातात होतं तोच.

"बाई, तुम्ही काय करून बसलात?" तेओदोरा म्हणाली. "वर्षभर आपण या माणसाला गाठायला धडपडतोय. तो येणार, आणि तुम्ही यजमान."

ल्युबिंकाच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. यजमानानं स्लावाला बसायचं नसतं. दिवसभर उभं राहून पाहुण्यांची सरबराई करायची. पाहुण्याकडे काही मागायचं नाही, त्याला टोचून बोलायचं नाही, तो काहीही बोलला तरी हसून वाढायचं. अख्ख्या कॉलेजात जिची जीभ गावरिचला भारी पडली असती, तिच्याच तोंडाला ब्लागोयेनं मान देऊन कुलूप घातलं होतं. ती इतकी चिडली की तिला रडू आलं. पण सोडायचं कसं? घेतलेला स्लावा परत करत नाहीत. तसं केलेलं कुणी त्या गावात बघितलं नव्हतं.

असे दोन दिवस गेले. मग तिनं तेओदोराला आणि चेदाला घरी बोलावलं, कॉफी ठेवली, आणि म्हणाली की यजमानानं बोलायचं नसतं हे खरं. पण पाहुण्यांना कुठं बसवायचं, हे यजमानच ठरवतो.

स्लावाच्या दिवशी मेणबत्ती तळमजल्यावर लागली नाही. ती मागांच्या हॉलमध्ये लागली. ब्लागोये धावत वर आला, कुजबुजला, डोळे वटारले. ल्युबिंका पाद्र्यासमोरच मोठ्यानं आणि नम्रपणे म्हणाली की तिचं घर म्हणजे हाच हॉल, स्लावा यजमानाच्या घरी होतो, दुसरीकडे कुठं करायचा? पाद्र्यानं मान डोलावली. ब्लागोये पाहुण्यांना घ्यायला खाली गेला.

पाहुणे आले तसे मुली दारातच पुढं झाल्या आणि त्यांनी अदबीनं सगळ्यांचे कोट काढून घेतले. स्लावाच्या घरात कोट घालून बसणं म्हणजे यजमानाचा अपमान, तेव्हा कुणाला नाही म्हणता येईना. कोट चेदानं पार तळमजल्यावर नेऊन टांगले. गावरिच एक पातळ जाकीट आणि टाय घालून मागांच्या मध्ये मांडलेल्या टेबलाशी बसला. स्वेटर घातलेला रेडिएटर बरोबर त्याच्या पाठीशी होता. पाद्र्याच्या तोंडातून प्रार्थनेबरोबर वाफ निघत होती, आणि पाद्री म्हातारा असल्यामुळे प्रार्थना लांबली. सारमा, म्हणजे कोबीच्या पानातलं मटण, चुलीवरून उकळता आणला होता. ताटलीत पडेपर्यंत त्यावरची चरबी पांढरी होऊन बसली.

ल्युबिंका उभी होती. वाढत होती. गावरिचचे ओठ निळसर पडलेले तिनं बघितले आणि तिला मनापासून बरं वाटलं. पण तो काही कच्चा माणूस नव्हता. त्याला डाव कळला होता. त्यानं हात चोळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की थंडीनं माणूस तरुण राहतो, म्हणून तर इथल्या बायका एवढ्या देखण्या.

"अजून थोडं घ्या," ल्युबिंका म्हणाली.

मग तो जरा पुढं झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगा, इथं शिकून या मुली जाणार कुठं? गिरण्या कधीच बंद झाल्या. मेलेल्या धंद्याला गरम पाणी कशाला पाजायचं?"

तेओदोरा भिंतीशी उभी होती. तिनं बाईंकडे बघितलं. ल्युबिंकाच्या जिभेवर उत्तर तयार होतं, वर्षभर घासूनपुसून ठेवलेलं. गिरणीतल्या धुरळ्यानं खोकत गेलेल्या आईपासून ते याच हॉलमधून शिकून आज स्वतःचे माग टाकून बसलेल्या पोरींपर्यंत सगळं. मेणबत्ती जळत होती. तिनं ते सगळं गिळलं. इतकं कठीण काही आपण कधी गिळलं नाही, असं ती नंतर म्हणायची.

"अजून थोडं घ्या, गावरिचसाहेब," ती म्हणाली आणि सारमा वाढला.

पण कोलाच कापून झाल्यावर तिनं एक गोष्ट केली. पुढच्या यजमानाचा तुकडा ब्लागोयेच्या भावासाठी ठरलेला होता. ती तो ताटलीत घेऊन त्याच्यासमोरून निघाली, टेबलाला वळसा घालून गेली, आणि गावरिचपुढं येऊन थांबली. पाद्री समोर, मेणबत्ती समोर, संत सावाचं चित्र समोर. गावरिच हसला, इकडंतिकडं बघितलं, कुणी मदतीला येईना, आणि त्यानं तुकडा घेतला. पुढच्या वर्षी याच हॉलमध्ये, कोटाशिवाय, दिवसभर उभं राहणं त्याला आता चुकणार नव्हतं. जिन्यावर चेदानं मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "अडकला बघ. आता गारठायचं नसेल तर रेडिएटर दुरुस्त करणं त्यालाच भाग आहे."

पुढचे काही आठवडे आनंदात गेले. मार्चमध्ये मंत्रालयाची दोन माणसं आली, पाइप मोजले, भिंतीवर खडूनं खुणा केल्या. मुलींनी त्यांना कॉफी दिली. ल्युबिंकानं खुणा पुसू नका म्हणून झाडूवाल्यांना बजावलं. उन्हाळ्यात कामगार आले. त्यांनी परांची बांधली आणि कॉलेजचा दर्शनी भाग पिवळा रंगवला. मागांच्या हॉलच्या खिडक्याही बाहेरून पिवळ्या झाल्या. आत खडूच्या खुणा तशाच राहिल्या.

शरद ऋतूत मंत्रालयात खांदेपालट झाला आणि गावरिचची खुर्ची गेली. त्याच्या जागी आलेल्या बाईंना ना कॉलेज माहीत, ना स्वेटर घातलेले रेडिएटर. तेओदोरानं पुन्हा सह्या गोळा करायला घेतल्या. पुन्हा अंगणात उभं राहणं झालं, आणि या खेपेला कमी माणसं होती. ख्रिसमसच्या सुमारास निकाल आला: विभाग जूनमध्ये शहरात जाईल. ल्युबिंका तशीही जूनमध्ये निवृत्त होणार होती, म्हणून ब्लागोयेनं तिचं सांत्वन केलं की बरं झालं, दोन्ही एकदमच. त्या दिवशी ती त्याच्या अंगावर धावून गेली नाही याचं श्रेय चेदाला आहे, त्यानं तिचा दंड धरून ठेवला होता.

स्लावाला गावरिच येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आता त्याचा इथं संबंध काय? ब्लागोयेनं बेकरीतून एक कोलाच आणून ठेवला होता आणि तळमजल्यावर टेबलं मांडली होती.

गावरिच बसनं आला. हातात टोपलं, त्यावर विणलेला पांढरा कपडा. कोलाच त्याच्या आईनं भाजलेला होता, सारमाही तिनंच दिलेला. तळमजल्यावर त्याला या, बसा म्हणाले, तर तो थांबला नाही. टोपलं घेऊन थेट वरपर्यंत चढला, कोट काढून खिळ्याला अडकवला, आणि मेणबत्ती लावली. पाद्री कण्हत त्याच्यामागं आला, मग बाकीचे आले.

ल्युबिंका शेवटी आली. कोट अंगावरच ठेवला. ती मागांच्या मध्ये टेबलाशी जाऊन खुर्चीवर बसली, अगदी तिथंच जिथं तो बसला होता. तेओदोरा तिच्या शेजारी उभी राहिली. आता ती पाहुणी होती आणि तो यजमान.

"खुर्ची होती तेव्हा काहीतरी करायचं होतं," ती म्हणाली. "आता टोपलं घेऊन काय आलात? तुम्ही मला विचारलं होतंत, मुली जाणार कुठं. ऐका, कुठं जाणार ते. ही तेओदोरा घरी जाणार. हिच्या बापानं सांगितलंय, शहरात पाठवणार नाही. एक रेडिएटर गरम झाला असता तर ही पुढच्या वर्षी स्वतःच्या हातानं पोट भरती. माझी आई गिरणीत खोकून मेली, तेव्हाही तुमच्यासारखाच एक जण आला होता, हात चोळत, आणि म्हणाला होता की थंडी काय, सगळ्यांनाच असते. तुम्ही भिंतीवर खुणा करवल्यात. आम्ही त्या जपल्या, देवाच्या चित्रासारख्या. त्यापेक्षा तेव्हाच तोंडावर नाही म्हणाला असतात तर बरं झालं असतं."

ती बराच वेळ बोलली. ब्लागोये खिडकीबाहेर बघत राहिला. गावरिच समोर उभा होता, हातात ताटली, नाकाचा शेंडा लाल. त्यानं डोळे खाली घातले नाहीत. वर्षभर गिळलेलं सगळं तिनं बाहेर काढलं आणि मग तिला बोलायला काही उरलं नाही. हॉल पूर्वीइतकाच गार होता.

त्यानं चमच्यानं सारमा उचलला. चरबी पांढरी झालेली होती.

"अजून थोडं घ्या, ल्युबिंकाबाई," तो म्हणाला.

पाहुण्यानं नाही म्हणायचं नसतं. तिनं ताटली पुढं केली.